एसीची फाइल

आमच्या घरात प्रत्येक यंत्राची फाइल असते. सासूबाईंची शिस्त. मिक्सरची आहे, गीझरची आहे, भंगारात जाऊन पंधरा वर्षं झालेल्या व्हीसीआरचीही आहे. सगळ्यांत जाड फाइल मात्र एसीची. २०१७ साली घेतलेला दीड टनाचा साधा स्प्लिट एसी, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला. २०२४ च्या मार्चमध्ये त्याने पुन्हा एकदा गार हवा देणं थांबवलं, तेव्हा फोन करण्याआधी मी ती फाइल उघडली आणि पावत्या तारखेप्रमाणे लावल्या.

२०१९, गॅस चार्जिंग, २,२०० रुपये. २०२१, गॅस चार्जिंग, २,५००. २०२२, गॅस, २,८००. २०२३, गॅस, ३,०००. चार वेळा चार वेगळी माणसं आली, कोथरूडच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर, आणि चौघांनी एकच निदान केलं: ‘गॅस संपलाय.’ दहा हजार पाचशे रुपये त्या दोन शब्दांवर गेले. त्या दोन शब्दांत चूक काय आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

चूक ‘संपलाय’ या शब्दात आहे. स्वयंपाकघरातला सिलिंडर दीड-दोन महिन्यांत संपतो, कारण आपण तो जाळतो. स्कूटरचं पेट्रोल संपतं. त्यामुळे एसीतला गॅसही वापरून वापरून संपत असेल, असं आपल्याला अगदी सहज वाटतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. त्याचं काम माठासारखं आहे. माठातलं पाणी झिरपून बाहेर येतं, वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. एसीच्या आतल्या कॉइलमध्येही एक द्रव असाच उडतो आणि उडताना खोलीतली उष्णता शोषतो. फरक एवढाच की माठातून उडालेलं पाणी आभाळात जातं, म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीत उडालेला द्रव बंद नळीतून बाहेरच्या पेटीत जातो. तिथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पंखा त्याची उष्णता बाहेर फेकतो, त्याचा पुन्हा द्रव होतो आणि तो परत आत येतो. बाहेरच्या पेटीसमोर उभं राहिल्यावर तोंडावर येणारी झळ म्हणजे आपल्याच खोलीतली उष्णता असते, वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची भर. या फेऱ्यात थेंबभरही कुठे खर्च होत नाही. कारखान्यात भरलेला गॅस एसी भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा.

म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो गळलाय. आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तळाला चीर गेलेल्या बादलीत पाणी ओतणं. चार उन्हाळे आम्ही तेच केलं.

पाचव्या माणसाने येताच साबण मागितला. मला वाटलं हात धुवायचे असतील. त्याने वाटीत फेस केला आणि बाहेरच्या पेटीच्या बाजूला, जिथे तांब्याच्या दोन नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या असतात, तिथे ब्रशने लावला. खालच्या नटाशी एक फुगा आला, फुटला, पुन्हा आला. नळीचं तोंड सनईच्या तोंडासारखं पसरवून नटाखाली दाबतात, त्याला ही मंडळी ‘फ्लेअर’ म्हणतात. ते तोंड सात वर्षांपूर्वी एसी बसवतानाच वाकडं झालं होतं. त्याने ते कापलं, नवीन केलं, नायट्रोजन भरून दाब टिकतोय का ते पाहिलं, मशीन लावून अर्धा तास नळीतली हवा आणि ओल ओढून काढली आणि मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस भरला. सगळे मिळून ३,६०० रुपये. त्यात ४०० तपासणीचे. त्यानंतर आजवर गॅसची पावती फाइलमध्ये लागलेली नाही.

हा क्रम तपशिलात सांगितला, कारण गॅस भरण्याचे पैसे खरे या कामाचे असतात. दीड टनाच्या एसीत मुळात गॅस किलोभराच्या आसपास असतो, नव्या आर-३२ गॅसच्या यंत्रांत बहुधा त्याहूनही कमी. नेमका किती ग्रॅम, ते बाहेरच्या पेटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. पुणे-मुंबई-ठाणे पट्ट्यात आज गळती काढून पूर्ण गॅस भरायला २,५०० ते ४,००० रुपये पडतात. हा दर वाजवी आहे, पण नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि वजनकाटा हे तिन्ही झाले तरच. वीस मिनिटांत गेज लावून, सिलिंडर उलटा करून ‘झालं, मॅडम’ म्हणणाऱ्यालाही आपण तेवढेच देतो, तिथे फसतो. नळीत ओल राहिली तर ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि दोन-तीन वर्षांनी त्याचं बिल कॉम्प्रेसरच्या नावाने येतं.

स्टिकरवर गॅसचं नावही असतं, तेही बघून ठेवावं. जुन्या यंत्रांत आर-२२ असायचा. ओझोनच्या थराला तो घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो जगभर टप्प्याटप्प्याने मागे घेतला जातोय आणि भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांत वापरणं बंद झालं. जुन्या एसीसाठी तो अजून मिळतो, पण पुरवठा आटत जाणार आहे, तेव्हा भाव उतरण्याची वाट पाहू नये. मधल्या काळातल्या एसींत आर-४१० ए असतो. तो दोन वायूंचं मिश्रण आहे, त्यामुळे ‘थोडासा टॉप-अप’ करण्यापेक्षा उरलेला काढून नव्याने वजनावर भरणं बरं. आताच्या बहुतेक यंत्रांत आर-३२ आहे आणि काहींत आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. आर-३२ मंद का होईना पेटू शकतो, प्रोपेन तर घरच्या सिलिंडरचा भाऊच. अशा यंत्राजवळ नळीत गॅस असताना कुणी जाळाची टॉर्च पेटवू लागलं तर त्याला तिथेच थांबवावं, दर कितीही कमी असला तरी.

गॅसखालोखाल नाव घेतलं जातं कॉम्प्रेसरचं. तो शब्द ऐकला की घरमालकाचे हातपाय गळतात, आणि गळावेत असाच आकडा असतो: दीड टनाच्या एसीला नवीन कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी धरून १०,००० ते १८,०००. पण साध्या एसीत कॉम्प्रेसर बंद पडलाय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा बिघडलेला असतो त्याचा कॅपॅसिटर. ॲल्युमिनियमचा पेल्याएवढा डबा, कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देणारा. तो म्हातारा झाला की बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर ‘हूं’ करतो, दोन-तीन सेकंदांत गप्प होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. नवा कॅपॅसिटर दोन-तीनशेचा, बसवून पाचशे-सातशे. आमच्याच सोसायटीत एका निवृत्त जोडप्याला कुणी तरी चौदा हजारांचा कॉम्प्रेसर सांगितला होता. काकांनी मुलाला विचारून सांगतो म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी आलेल्याने मीटर लावून कॅपॅसिटर बदलला, साडेपाचशे घेतले. काका अजून ती गोष्ट लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. (कॅपॅसिटर आपण स्वतः उघडू नये. मेन स्विच बंद केला तरी त्यात वीज साठून राहते.)

इन्व्हर्टर एसीची कथा निराळी. त्यात कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त होत असतो आणि तो ठरवते बाहेरच्या पेटीतली पीसीबी, ज्याला एसीवाले ‘किट’ किंवा ‘कार्ड’ म्हणतात. वीज वाचते ती या कार्डामुळे, आणि पैसे जातात तेही त्याच्यामुळेच. नवीन कार्ड कंपनीप्रमाणे ५,००० ते १२,०००. ते मरतं कशाने? रात्री लाइट जाऊन झटक्यात आली म्हणून, अर्थिंग नीट नाही म्हणून, आणि आपल्याकडे एक खास देशी कारण: पाल. पावसाळ्यात उबेला पाल किंवा मुंग्या पेटीत शिरतात, दोन टोकांवर बसतात आणि आपल्याबरोबर कार्डालाही घेऊन जातात. कंपनीचा माणूस कार्ड दुरुस्त करत नाही, बदलतो. पण जळालेले सुटे भाग बदलून कार्ड जिवंत करणारे कारागीर शहरात असतात. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर पत्ता लागतो. दीड ते साडेतीन हजारांत काम होतं आणि चांगला कारागीर तीन महिन्यांची हमीही देतो. एसी वॉरंटीत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये, बाहेरच्या हाताने पेटी उघडली की वॉरंटी संपली.

वॉरंटीचंही एकदा नीट वाचायला हवं. जाहिरातीत ‘दहा वर्षं’ मोठ्या अक्षरांत असतं आणि ‘फक्त कॉम्प्रेसरवर’ हे लहान अक्षरांत. पहिल्या वर्षी बहुतेक सगळं फुकट. त्यानंतर कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी, ने-आण आणि फेरीचे पैसे बहुधा आपलेच. म्हणजे फुकटच्या कॉम्प्रेसरचं बिल चार-साडेचार हजार येऊ शकतं, आणि ते नियमात बसतं. यात कुणी फसवत नाही. आपण वॉरंटी कार्ड वाचलेलं नसतं, एवढंच.

खरा त्रासदायक बिघाड माझ्या मते कॉइलचा. तांब्याच्या बारीक नळ्या, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. कोकण किनाऱ्याला खारी हवा या पट्ट्या खाते. शहरात उघड्या नाल्याजवळ राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो तांब्याला काळं करतो आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडतो. त्या वायूने चांदीही काळी पडते, त्यामुळे देवघरातलं निरांजन आठवड्यात काळं पडणाऱ्या घरात एसीची कॉइलही फार वर्षं टिकेल असं समजू नये. अशी कॉइल एका जागी जोडली की सहा महिन्यांत दुसऱ्या जागी गळते. जोडणी १,०००-१,५०० आणि वर पुन्हा गॅस. नवी कॉइल ५,००० ते ९,०००. दुसऱ्यांदा जोडायची वेळ आली तर जोडू नये, कॉइल बदलावी किंवा एसीच बदलावा. ॲल्युमिनियमच्या कॉइलचं तर जोडकामही धड होत नाही.

किरकोळ कामं पटकन सांगते. साधी सर्व्हिस ५०० ते ८००. आतल्या पेटीतून भिंतीवर पाणी ओघळतंय, तर ड्रेन पाइप तुंबलाय, ४०० ते ६००, आणि सर्व्हिसच्या वेळीच करून घेतलं तर वेगळे पैसे देऊ नयेत. सेन्सर ५०० ते १,०००. पंख्याची मोटर २,००० ते ३,५००. घर बदलताना काढून पुन्हा बसवायचे २,००० ते ३,०००, आणि तांब्याची नळी वाढवावी लागली तर मीटरमागे आठशे ते बाराशे वेगळे. तांबं महागलं की हा आकडा सगळ्यांत आधी हलतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेल तर १८ टक्के जीएसटी वर. एप्रिल-मे महिन्यांत हेच दर चढे राहतात आणि माणूस चार दिवसांनी येतो. होळीच्या आधी सर्व्हिस उरकणाऱ्याला दोन्ही त्रास नाहीत.

एक खर्च मात्र मी घासाघीस न करता देते. बाहेरची पेटी जिथे हात पोहोचत नाही अशा भिंतीवर लटकलेली असेल, तर दोराचा माणूस आणावा लागतो, त्याचे ५०० ते १,५०० जास्त. ‘अहो, खिडकीतून पाय टाकला की छज्जा आहे’ असं सांगून आपण ते वाचवू पाहतो. नवव्या मजल्यावर कमरेला पट्टा नसलेला पोरगा छज्ज्यावर उभा, एका हातात पाना, आणि आपण आत चहा टाकतोय, हे चित्र मी दोन इमारतींत पाहिलंय. पट्टा नसेल तर काम करू देऊ नये. बिल्डरने पेटीसाठी जागाच ठेवलेली नसते, हा राग त्या पोरावर काढण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न: हे सगळं कळत असूनही आपण फसतो कुठे? विदर्भात कूलरची मोटर केवढ्याला, वाळ्याच्या ताट्या केवढ्याला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कूलर उघडा असतो, बिघाड डोळ्यांना दिसतो. एसी बंद पेटी आहे. त्यात आपण तपासणीचे तीनशे-चारशे द्यायला कुरकुरतो. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हे वाक्य प्रत्येक एसीवाल्याने रोज ऐकलेलं असतं. भर उन्हात वारज्याहून खराडीला पेट्रोल जाळून आलेल्या माणसाला बघायचे पैसे मिळणार नसतील, तर तो ते कशातून तरी काढणारच, आणि गॅससारखी सोपी जागा दुसरी नाही. दिसत नाही, मोजता येत नाही, आणि ‘संपलाय’ म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही. डॉक्टरने तपासून ‘काही झालं नाही’ म्हटलं तर आपण हायसं वाटून फी देतो. एसीवाल्याने तेच म्हटलं तर त्याला पैसे द्यायचे जिवावर येतं.

म्हणून माझी पद्धत अशी. फोनवरच तपासणीचे पैसे विचारते आणि काम नाही निघालं तरी देईन म्हणते. तो आला की आधी निदान, मग आकडा, मग पाना. गॅस कमी आहे म्हणाला तर गळती कुठे ते दाखवायला सांगते. गॅस खरंच कमी असेल तर बाहेरच्या पेटीजवळ बारीक नळीवर बर्फ धरलेला पुष्कळदा दिसतो, आणि जाड नळी, जी गार आणि घामेजलेली असायला हवी, ती कोरडी असते. (आतल्या कॉइलवरचा बर्फ मात्र फसवा, नुसती जाळी धुळीने भरली तरी तो धरतो. जाळी आधी धुवावी, फुकटात काम होतं.) टाँगटेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, असेल तर लावायला सांगते. साध्या दीड टनी एसीला सात-आठ अँपिअरच्या जवळपास करंट लागतो, फारच कमी दिसला तर गॅसबद्दलच्या त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. बदललेला भाग घरीच ठेवून घेते. आणि पावती घेते, त्यावर भागाचं नाव आणि गॅस किती ग्रॅम हे लिहून.

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, वॉरंटी कार्डावरचाच लावावा. शोधल्यावर वर येणारे कित्येक नंबर भलत्यांचे असतात, आणि नोंदणीचे दहा रुपये म्हणून पाठवलेल्या लिंकने खातं रिकामं झालेल्यांच्या बातम्या येतच असतात. बिलावरून तंटा झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. पण पावती लागतेच.

जुन्या एसीवर किती खर्च करायचा, याला माझं उत्तर साधं आहे. आठ वर्षांच्या पुढचा साधा एसी आणि बिल आठ-दहा हजारांच्या वर, तर थांबावं. तीन स्टारचा दीड टनी इन्व्हर्टर पस्तीस-चाळीस हजारांना येतो, २०२५ च्या सप्टेंबरात एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने थोडा आणखी हलका झालाय, जुन्याचे तीन-चार हजार सुटतात. विजेच्या बिलातला फरक वेगळा. पण याच वयाच्या एसीचा कॅपॅसिटर किंवा पंख्याची मोटर गेली असेल तर खुशाल करून घ्यावं. विक्रेते उलटं सांगतील.

गेल्या मे महिन्यात आमचा एसी पुन्हा नीट गार करेनासा झाला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. फेसवाल्यालाच बोलावलं. त्याने नळ्यांना हात लावला, टाँगटेस्टर लावला, आतल्या जाळीसमोर थर्मामीटर धरला, खोलीच्या हवेपेक्षा अकरा अंश गार. मग त्याने पश्चिमेच्या खिडकीवरचा पडदा बोटाने बाजूला केला. उन्हाळ्यापूर्वी आम्ही जाड पडदा धुवायला काढून तिथे जाळीचा लावला होता, सुंदर दिसतो म्हणून.

‘एसीला काही नाही, ताई. पडदा बदला.’

तो गेल्यावर सासूबाईंनी पावती हातात घेतली, चष्मा वर करून वाचली. तपासणी, ४०० रुपये. दोष नाही. ‘काही झालं नव्हतं, तर चारशे कशाचे?’ त्या म्हणाल्या. तोवर मी पडद्याच्या हुकांशी झटत होते. मागे वळून पाहिलं, तर त्यांनी पावतीला भोक पाडून ती फाइलला लावलीही होती.